लिंबावर दिवा का लागत नाही? घरच्या प्रयोगांविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा एकच असतो: मुलांना हाताशी घेऊन घरी काय करून पाहता येईल, आणि करायला घेतलेले चालले नाही तर अडले कुठे. त्या पत्रांपैकी काही निवडून येथे उत्तरे दिली आहेत. ज्या वाचकांनी कोणते साहित्य वापरले, ते कसे जोडले आणि नेमके काय दिसले हे लिहून कळवले, त्यांना नेमके उत्तर देणे शक्य झाले. ‘प्रयोग फसला’ एवढ्याच वाक्याच्या पत्रांना ते देता येत नाही, म्हणून पुढच्या वेळी असा तपशील अवश्य लिहावा, ही विनंती.

ताई, मी सातवीत आहे. दोन लिंबांवर एलईडी लागतो असे मी एका व्हिडिओत पाहिले. मी दोन लिंबांत लोखंडी खिळे आणि तांब्याच्या तारा खोचल्या आणि वायरने जोडल्या, पण पांढरा एलईडी लागलाच नाही. दुसरा नवा आणला, तोही लागला नाही. माझी लिंबे शिळी होती का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

तुझ्या लिंबांचा यात काही दोष नाही, आणि तुझे दोन्ही एलईडीही बहुधा चांगलेच आहेत. तू काय काय वापरलेस ते नीट लिहिलेस, त्यामुळे अडचण लगेच लक्षात आली. लोखंड आणि तांबे ही जोडी एका लिंबात साधारण अर्धा व्होल्ट देते, म्हणजे दोन लिंबांचा मिळून झाला जेमतेम एक व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला नीट प्रकाश द्यायला सुमारे तीन व्होल्ट लागतात. लाल एलईडीचे काम सुमारे 1.8 व्होल्टवर भागते, म्हणून या प्रयोगासाठी नेहमी लाल रंगाचा छोटा एलईडी घ्यावा.

लोखंडी खिळ्यांऐवजी जस्ताचा मुलामा दिलेले, छपराचे पत्रे ठोकायला वापरतात ते खिळे हार्डवेअरच्या दुकानातून आण. जस्त आणि तांबे यांची जोडी एका लिंबात 0.9 व्होल्टच्या आसपास देते. दोन लिंबांवर लाल एलईडी अगदी काठावर असतो, म्हणून चार लिंबे घे. पहिल्या लिंबातले तांबे दुसऱ्याच्या खिळ्याला, दुसऱ्यातले तांबे तिसऱ्याच्या खिळ्याला, अशी साखळी कर. शेवटी एका टोकाला तांबे मोकळे राहील आणि दुसऱ्या टोकाला खिळा. मोकळ्या तांब्याला एलईडीचा लांब पाय जोड आणि खिळ्याला आखूड पाय. उलट जोडलेला एलईडी लागत नाही, आणि अनेकांचा प्रयोग निव्वळ एवढ्यावरच अडलेला असतो. तारेवरचे प्लॅस्टिक सोलून उघडे तांबे काचपेपरने घासून घ्यायला विसरू नकोस.

इतके करूनही प्रकाश अगदी मंद दिसेल, कारण लिंबातून मिळणारी विद्युतधारा फार थोडी, एक मिलिअँपिअरच्याही आत असते. खोलीत अंधार करून पाहा. घरात मल्टिमीटर असेल तर एक गोष्ट मोजून वहीत लिही: एलईडी न जोडता चार लिंबांचे व्होल्टेज किती येते, आणि एलईडी जोडल्याबरोबर ते किती उतरते. हा उतार येतो तो लिंबाच्या आतल्या रोधामुळे. तो कमी करायचा तर लिंबू टेबलावर दाबून फिरवून आतल्या फोडी मऊ कर आणि दोन्ही धातू खोलवर, एकमेकांच्या जवळ, पण एकमेकांना न लागतील असे खोच. त्याहूनही चांगला उपाय म्हणजे रस पिळून बर्फाच्या ट्रेच्या खणांत भरणे. मग धातूंमधले अंतर आणि बुडालेला भाग तुला हवा तसा बदलता येतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदल, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही वीज लिंबातून येते असे सर्रास सांगितले जाते, आणि ते बरोबर नाही. ऊर्जा मिळते ती मुख्यतः जस्त रसात विरघळण्याच्या क्रियेतून. विरघळताना जस्त इलेक्ट्रॉन सोडते, ते वायरमधून तांब्याकडे जातात आणि तेथे रसातले हायड्रोजनचे आयन त्यांना घेतात. लिंबाचा रस हे सगळे घडू देणारे माध्यम आहे. याची खात्री तुला स्वतःलाच करून घेता येईल. त्याच खिळ्यांना आणि तारांना ट्रेमध्ये एकदा व्हिनेगर, एकदा चिंचेचे पाणी, एकदा मिठाचे पाणी दे आणि व्होल्टेज मोज. आकडे एकमेकांच्या बरेच जवळ येतील. नंतर लिंबे तशीच ठेवून धातू बदल, म्हणजे दोन्हीकडे तांबेच लाव, की व्होल्टेज जवळजवळ नाहीसे होईल. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी 1800 साली पहिली विद्युतघटमाला जाहीर केली, तिच्यातही धातूंच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडेच होते.

प्रयोगात वापरलेल्या लिंबांचे सरबत मात्र करू नकोस. रसात जस्त आणि तांबे उतरलेले असते.

माझ्या मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे वापरून मोटार केली आहे. वेटोळे एकदा हलते, डावी-उजवीकडे डुलते आणि थांबते. तार काचपेपरने स्वच्छ घासली आहे. चुंबक कमी ताकदीचे आहे का?
– एक पालक, अकोला

चुंबक पुरेसे असावे, कारण वेटोळे हलते आहे. ‘तार स्वच्छ घासली आहे’ या तुमच्या वाक्यातच अडचण आहे. दोन्ही टोके सगळीकडून घासली गेली असतील, तर ही मोटार फिरत नाही. एक टोक पूर्ण घासायचे आणि दुसरे फक्त अर्धे, म्हणजे गोल तारेच्या एकाच बाजूने घासायचे, हा या मोटारीचा प्राण आहे.

कारण असे की, वेटोळ्यातून धारा वाहू लागली की चुंबक त्याला एका दिशेने वळवते. अर्धा फेरा झाल्यावर वेटोळ्याच्या बाजू उलट्या होतात, आणि धारा तशीच चालू राहिली तर चुंबक त्याला मागे ओढू लागते. म्हणून ते पुढे-मागे डुलते आणि स्थिरावते. अर्ध्या फेऱ्यापुरती धारा तोडली तर मागची ओढ बसत नाही, वेटोळे मिळालेल्या वेगावर उरलेला फेरा पुरा करते आणि पुन्हा योग्य जागी आले की त्याला नवा रेटा मिळतो. झोपाळा आपल्याकडे येत असताना आपण हात आवरून धरतो आणि दूर जाऊ लागला की ढकलतो, तेच काम तारेवर राखलेला अर्धा इनॅमल, म्हणजे वीज वाहू न देणारा लेप, येथे करतो. कारखान्यातल्या डीसी मोटारीत धारा बंद न करता तिची दिशाच प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला उलटवतात, आणि त्यासाठी कॉम्युटेटर बसवलेला असतो.

आता हे करायचे कसे, ते सांगते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात इनॅमल चढवलेली तार मिळते. ती 22 ते 24 गेजची घ्यावी. फार बारीक तार आपल्याच टोकांवर वाकते आणि वेटोळे नीट तोलले जात नाही. मोठ्या टॉर्च सेलभोवती दहा-पंधरा वेढे घेऊन वेटोळे काढा, दोन्ही टोके समोरासमोरच्या बाजूंना एक-दोन वेढे देऊन बाहेर काढा आणि अगदी सरळ करा. एक टोक चारी बाजूंनी घासा. मग वेटोळे टेबलाच्या कडेवर उभे धरा, म्हणजे त्याची चकती जमिनीला काटकोनात येईल, आणि दुसऱ्या टोकाची फक्त वरची बाजू काचपेपरने घासा. खालच्या बाजूचा तांबूस-तपकिरी इनॅमल तसाच चमकत राहिला पाहिजे. ती बाजू चुकून घासली गेली असेल तर नवी तार आणण्याची गरज नाही, तेवढ्या भागावर नेलपॉलिशचा पातळ हात देऊन वाळू द्या.

वेटोळे पिनांच्या नेढ्यांत ठेवून बोटाने हलकेच फिरवून पाहा. प्रत्येक वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती जड आहे, टोके किंचित वाकवून तोल साधा. सेल जोडलेला असताना वेटोळे फिरत नसेल तर तो लगेच काढून घ्या, कारण थांबलेल्या वेटोळ्यातून मोठी धारा वाहते, तार तापते आणि हाताला चटका बसतो. याच कारणाने येथे मोबाइलची बॅटरी किंवा घरच्या प्लगमधला अडॅप्टर कधीही वापरू नये. 1.5 व्होल्टचा साधा सेल पुरतो.

प्रदर्शनात मुलीने फिरणारी मोटार तर दाखवावीच, पण शेजारी सगळीकडून घासलेले, न फिरणारे वेटोळेही ठेवावे आणि पाहणाऱ्यांना दोन्ही लावून पाहू द्यावीत. माझ्या मते परीक्षकांना देण्यासारखे स्पष्टीकरण त्या दुसऱ्या वेटोळ्यात अधिक आहे. चुंबक उलटे केले तर मोटार कोणत्या दिशेने फिरेल, हे तिने आधी सांगावे आणि मग करून पाहावे.

मुलांसाठी विज्ञानाचे तयार संच बाजारात मिळतात. बरेच महाग असतात. घ्यावेत का?
– एक पालक, पुणे

एवढा खर्च करण्याआधी थांबावे, असे मी म्हणेन. संचात प्रत्येक भाग जागेवर बसेल असाच बनवलेला असतो, त्यामुळे मुलाला भाग शोधण्याची, कापण्याची, जुळवण्याची वेळच येत नाही, आणि विचार होतो तो तेथेच. त्याच पैशांतला थोडा भाग साधा डिजिटल मल्टिमीटर, पकड, चांगली कात्री, स्टीलची पट्टी आणि मगरपकडीच्या वायरी यांवर खर्च करावा. बाकीचे साहित्य घराभोवतीच मिळते: बिघडलेल्या स्पीकरमधले चुंबक, तुटक्या खेळण्यातली मोटार, रिवाइंडिंगच्या दुकानातली तार, सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब.

या व्हॉल्व्ह ट्यूबवरून एक नाव घेतलेच पाहिजे. आयआयटी कानपूरमध्ये अभियांत्रिकी शिकलेले अरविंद गुप्ता 1970च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडले गेले, आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर त्यांनी भूमितीची अख्खी खेळणी उभी केली. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांबरोबर काम केले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांची माहिती आणि पुस्तके विनामूल्य आहेत, त्यांत मराठीही आहेत.

सुरुवात त्यांच्याच काड्यांपासून करा. काड्यांचे गुल खरवडून टाका, ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि कोपऱ्यांवर जोडून एक चौकोन आणि एक त्रिकोण बनवा. चौकोन कोपऱ्यातून दाबला की तिरका होऊन पडतो, त्रिकोणाचा आकार काही केल्या बदलत नाही. मग चौकोनात एक तिरपी काडी घालायला सांगा. ती किती लांब लागेल, हे मुलाला स्वतः मोजू द्या. घराच्या छपराची कैची किंवा रेल्वेचा लोखंडी पूल पुढच्या वेळी तो वेगळ्या नजरेने पाहील.

माझा बारा वर्षांचा मुलगा सोडा आणि व्हिनेगरचा ‘ज्वालामुखी’ पुन्हा पुन्हा करतो. फेस येतो, तो खूश होतो, आणि ओटा मला पुसावा लागतो. यातून तो काही शिकतो आहे का?
– एक आई, ठाणे

तुम्ही प्रयोग बंद करू नका, त्याला फक्त मोजायला लावा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत 60 मिलिलिटर व्हिनेगर घ्या, फुग्यात पाव चमचा खाण्याचा सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवा आणि मग उचलून सोडा आत पडू द्या. फेस शमला की फुग्याचा घेर सुतळीने मोजून लिहा. पुढच्या वेळी व्हिनेगर तेवढेच आणि सोडा अर्धा चमचा, नंतर पाऊण, मग एक, दीड, दोन. बाटली प्रत्येक वेळी धुऊन घ्यावी आणि शक्य तर तशाच आकाराचा नवा फुगा वापरावा, कारण एकदा फुगलेला फुगा सैल पडतो.

घेर सुरुवातीला वाढत जाईल आणि मग एका टप्प्यावर वाढायचा थांबेल. नेहमीच्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल असते, त्या हिशेबाने 60 मिलिलिटरला सुमारे 4 ग्रॅम, म्हणजे जवळपास सपाट चमचाभर सोडा पुरतो आणि साधारण एक लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यापुढे घातलेला सोडा तळाशी पांढरा साचतो. हा सोडा शिल्लक का राहिला, आणि फुगा आणखी मोठा करायचा तर काय वाढवले पाहिजे, हे त्याला विचारा. अकरावीच्या रसायनशास्त्रात जो भाग अनेक विद्यार्थ्यांना अवघड जातो, तोच हा आहे.

घरी प्रयोग करताना कोणत्या गोष्टी मुळीच करू नयेत? व्हिडिओ पाहून मुले काहीही एकत्र करतात, याची भीती वाटते.
– एक पालक, नाशिक

तुमची भीती रास्त आहे, म्हणून हे उत्तर मी शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत देते. स्वच्छतागृहातली दोन द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि ते ब्लीचमध्ये किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात त्याने जीव जाऊ शकतो. घराच्या प्लगमधल्या 230 व्होल्टच्या विजेवर कोणताही प्रयोग नको, आणि बंद पडलेला मायक्रोवेव्ह तर कोणी उघडूच नये, कारण प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार शिल्लक असू शकतो. पेटत्या किंवा नुकत्याच विझलेल्या ज्योतीवर स्पिरिट ओतू नये. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसतही नाही, आणि ती बाटलीत शिरायला क्षणही लागत नाही. मोबाइलची बॅटरी किंवा कोणताही सेल फोडू नये.

काही धोके लहान दिसतात म्हणून अधिक सांभाळावे लागतात. खेळण्यांतल्या आणि रिमोटमधल्या चपट्या बटण-सेलपैकी लिथियमचा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत गंभीर इजा होऊ शकते. नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावे. निओडिमियमची छोटी चुंबके एकाहून अधिक गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वळ्यांमध्ये एकमेकांना चिकटून मधली भिंत चिरडतात. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर तो तापतो आणि चटका देतो, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. दुर्बिणीतून, भिंगातून किंवा कॅमेऱ्याच्या लेन्समधून सूर्याकडे पाहू नये, क्षणभरही नाही.

मुलाला एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी: यातून काय तयार होणार आहे? त्याचे उत्तर त्याला किंवा तुम्हाला देता येत नसेल तर मिश्रण करायचे नाही. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात 108 आणि कोणत्याही आपत्तीत मदतीसाठी 112 हे क्रमांक मुलांना पाठ असावेत.

सुटीत नातू येणार आहे. मला विज्ञान फारसे कळत नाही, पण स्वयंपाकघरात त्याला काही दाखवता येईल का?
– एक आजी, रत्नागिरी

आजी, हळद लागलेल्या पांढऱ्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे तुम्ही आयुष्यभर पाहिले आहे, आणि हळदीपासून कुंकू करताना चुना आणि लिंबाचा रस का घालतात याचीही तुम्हाला कल्पना असेल. हे रसायनशास्त्रच आहे. हळदीतला कर्क्युमिन हा रंगद्रव्य-घटक अल्कलीत लालसर होतो आणि आम्ल घातले की पुन्हा पिवळा होतो.

हळद पाण्यात कालवून कागदावर लावा, सावलीत वाळवा आणि नातवाला कापसाच्या बोळ्याने साबणाच्या पाण्यात लिहायला सांगा. लाल अक्षरे उमटतील. हळदीला एक मर्यादा आहे: लिंबाचा रस आणि साधे पाणी यांत ती फरक दाखवत नाही. म्हणून सोबत लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून त्यांचा रंग काढा. त्यात लिंबू पिळले तर तो लख्ख गुलाबी-लाल होतो, आणि खाण्याचा सोडा घातला तर हिरवट. मग घरातले ताक, चहा, राखेचे पाणी, शाम्पू, कोकमाचे आगळ असे सगळे थोडे थोडे वाट्यांत घेऊन त्यांची रांग त्याला लावू द्या. आगळ स्वतःच रंगीत असल्याने त्याची परीक्षा कशी करायची, हा प्रश्न तुम्ही त्यालाच सोडवायला द्यावा. चुना मात्र मुलाच्या हाती देऊ नका. पुडी दाबून तो डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चुन्याची निवळी तुम्हीच काढून द्या.

शून्य सावलीचा दिवस आमच्याकडे कधी असतो, आणि त्या दिवशी पाहण्यापलीकडे काही मोजता येते का?
– एक शिक्षक, कोल्हापूर

मोजता येते, आणि तेही पृथ्वीचा परीघ. सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो तो फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांत. त्यामुळे अख्ख्या महाराष्ट्राला आणि गोव्याला हे भाग्य आहे, दिल्लीला नाही. सूर्य उत्तरेकडे सरकताना पणजीला हा दिवस 2 मेच्या सुमारास येतो, कोल्हापूरला 6 मेच्या, पुण्याला 13 मेच्या, मुंबईला 15 मेच्या आणि नागपूरला 26 मेच्या सुमारास. परतीच्या वाटेवर तो जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आपल्याकडे बहुधा ढग असतात. वेळ घड्याळातल्या बारा वाजताची नसते. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे आणि आपण तिच्या पश्चिमेला आहोत, म्हणून मेच्या मध्यास पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो सुमारे 12 वाजून 31 मिनिटांनी, नागपुरात महिनाअखेरीस 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास.

एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंब्याने तपासून सपाट जागी उभी करा. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वांत आखूड सावली ही त्या दिवसाची माध्यान्ह सावली, आणि तिची दिशा बरोबर उत्तर-दक्षिण असते. हेच 1 मेपासून रोज करा. सावली उत्तरेकडे पडलेली असेल आणि रोज सुमारे अर्धा सेंटीमीटर आखडत जाईल, मग नाहीशी होईल आणि त्यानंतर दक्षिणेकडे वाढू लागेल. मुलांना हा पालट पाहताना जो आनंद होतो, तो एका दिवसाच्या कार्यक्रमात मिळत नाही, म्हणून पंधरवडाभराचे मोजमाप करावे असा माझा आग्रह आहे.

एक अडचण आधीच सांगते. सूर्य हा बिंदू नाही, तो आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे एक मीटर उंचीच्या काठीच्या सावलीची कड जवळजवळ एक सेंटीमीटरभर पुसट असते, म्हणजे सावलीच्या रोजच्या फरकापेक्षा जास्त. म्हणून ‘नेमका आजच’ असा निकाल सावली पाहून देता येत नाही, एखाद्या दिवसाचा फरक पडतो. खूण करताना पुसट पट्ट्याचा मध्य धरायचा, आणि सर्व मुलांनी एकाच रीतीने धरायचा.

आता परिघाचे पाहू. कोल्हापूर आणि पुणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, दोघांच्या माध्यान्हीत दीड मिनिटाचाच फरक आहे, आणि ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसने सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये वापरलेल्या पद्धतीसाठी अशीच दोन गावे लागतात. तुमच्याकडे सावली शून्य असेल त्या दिवशी पुण्यातल्या एखाद्या शाळेला तितक्याच उंचीच्या काठीची माध्यान्ह सावली मोजायला सांगा. ती सुमारे 3.2 सेंटीमीटर भरेल, म्हणजे काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन 1.8 अंश. पृथ्वीच्या 360 अंशांच्या पूर्ण वर्तुळातला दोन्ही शहरांमधला वाटा तेवढाच असतो. दोन्ही शहरांमधले सरळ अंतर नकाशावर पट्टीने काढा. ते 200 किलोमीटरच्या थोडे वर येईल. महामार्गाचे अंतर घेऊ नका, कारण रस्ता वळणे घेत जातो आणि त्याने उत्तर फुगते. 360ला 1.8ने भागून 200ने गुणले की 40,000 किलोमीटर येतात, आणि पृथ्वीचा परीघ तेवढाच आहे.

प्रत्यक्षात तुमचे उत्तर इतके नेटके येणार नाही. सावली मोजताना अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली तरी परिघात पंधरा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. तो कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एकच मोजमाप न घेता दोन्ही शाळांनी आठवडाभर रोजच्या माध्यान्ह सावल्या घ्याव्यात आणि प्रत्येक दिवसाचा कोनांतला फरक काढून त्यांची सरासरी करावी. सावली शून्यच असली पाहिजे अशी अट मुळातच नाही, फरक महत्त्वाचा आहे. मात्र एका शाळेची सावली उत्तरेकडे आणि दुसरीची दक्षिणेकडे पडू लागली की कोनांची वजाबाकी न करता बेरीज करायची, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. दुसरा मार्ग म्हणजे जोडीला नागपूरची शाळा घेणे. अक्षांशातला फरक वाढून सुमारे साडेचार अंश होतो आणि मोजण्यातली तीच चूक प्रमाणाने लहान ठरते. नागपूर बरेच पूर्वेला असल्याने तेथली सावली तिथल्या माध्यान्हीला, म्हणजे तुमच्या वीस मिनिटे आधी घ्यावी लागेल, आणि हिशेबात कोल्हापूर-नागपूर हे तिरपे अंतर न घेता नकाशावरचे फक्त दक्षिणोत्तर अंतर धरावे लागेल.